जून १९५०: सुधारित आवृत्ती

माणूस जन्माला येतो तेव्हा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर एक अख्खा कालखंड जन्माला येतो.

हे वाक्य गुणवंत खांबेटेनं पहिल्या स्लाइडवर टाकलं आणि खुर्चीत मागं रेलून दोनदा वाचलं. कालखंड त्याच्या सासऱ्यांचा होता. सासरे त्या वेळी बाहेरच्या खोलीत टीव्हीचा रिमोट शोधत होते. गुणवंत उठला, सोफ्याच्या फटीतून रिमोट काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"यातले सेल संपत आलेत," तात्या म्हणाले.

आभार मानण्याची तात्यांची ही पद्धत होती आणि गेली एकोणीस वर्षं गुणवंत तिच्यावर गुजराण करत होता.

तात्या म्हणजे सुचित्राचे वडील. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, विषय इतिहास. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आजही त्यांच्यासमोर खिशातून हात काढून उभी राहतात. गुणवंत त्यांच्या हाताखालून गेला नव्हता, तरी हात काढून उभा राहत असे. त्यानं तात्यांना बुर्ज खलिफाच्या वरच्या मजल्यावर नेलं, तेव्हा तात्यांनी खाली पसरलेली दुबई पाहिली आणि "लिफ्टला गचका बसत नाही," असं म्हटलं. अबू धाबीच्या मंदिरात नेलं, तेव्हा "पार्किंग भरपूर आहे," म्हणाले. जबल अलीच्या ज्या कोल्ड स्टोरेज कंपनीत गुणवंत ब्राझीलची कोंबडी आणि पोलंडचे वाटाणे सांभाळत असे, तिथं तो ऑपरेशन्स मॅनेजर झाला, तेव्हा फोनवर तात्या म्हणाले होते, "म्हणजे आता घरी यायला उशीर होणार."

याउलट थोरले जावई राहुल. ते पुण्यात विमा विकत. त्यांनी नुसता फोन केला तरी तात्या दिवसभर "राहुलरावांचा फोन आला होता," असं सांगत घरात फिरत. राहुलला राव लागत असे. गुणवंतचा उल्लेख "हे" किंवा "आमचे दुबईचे" असा होई. जणू तो जावई नसून खजूर होता.

यंदा मात्र गोष्ट निकराला आली होती. हिवाळ्यात तात्यांना दोन स्टेंट घालावे लागले आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, लेकीकडे एकदा जाऊन या, त्यानंतर विमान बंद. तात्या व्हिजिट व्हिसावर आले होते आणि येत्या मंगळवारी परत जाणार होते. म्हणजे "गुणवंतराव, छान केलंत" हे तीन शब्द समोरासमोर ऐकायचे तर मंगळवारच्या आत ऐकायला हवे होते. नंतर फोनच. आणि फोनवर तात्या फक्त हवामान विचारत.

सुदैवानं तात्यांच्या पासपोर्टवर जन्मतारीख होती एक जून १९५०. रविवारी पंच्याहत्तर पूर्ण. गुणवंतनं अल मनखूलमधल्या घरापासून दोन गल्ल्यांवरच्या हॉटेलचा पार्टी हॉल घेतला, मराठी मंडळातल्या ओळखीच्या कुटुंबांना बोलावलं आणि सुचित्राला सांगितलं, "एक छोटंसं प्रेझेंटेशन करणार आहे. काय ते विचारू नकोस, सरप्राइज आहे."

सुचित्रानं विचारलं नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षीच ती त्याची सरप्राइजं न विचारायला शिकली होती.

प्रेझेंटेशनचं नाव होतं, 'जून १९५०: जग काय करत होतं?' इतिहासाच्या मास्तरांना त्यांच्याच विषयात जिंकायचं, असा हिशेब होता. आणि जून १९५०नं गुणवंतला अजिबात निराश केलं नाही. फ्रेंचांनी अन्नपूर्णा सर केलं. आठ हजार मीटरच्या वरचं शिखर गाठण्याची माणसाची ती पहिलीच वेळ. ब्राझीलमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झाला. वेस्ट इंडीजनं लॉर्ड्सवर इंग्लंडला हरवलं, तेही पहिल्यांदाच. कोरियात युद्धाला तोंड लागलं, पण ते महिनाअखेरीस, म्हणजे कार्यक्रमाच्या दृष्टीनं योग्य ठिकाणी. प्रत्येक स्लाइडच्या खाली एक ओळ होती: 'आणि त्याच वेळी, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात...' पुढं तात्यांचा बाळपणीचा फोटो टाकायचा होता. बाळपणीचा फोटो नव्हता, म्हणून निवृत्तीच्या दिवशीचा टाकला.

सोळा वर्षांच्या वेदांगनं ते सगळं पाहिलं आणि सांगितलं, "बाबा, नो ऑफेन्स, बट नोबडी केअर्स अबाउट नाइन्टीन फिफ्टी."

"आजोबांना आहे केअर."

"डिड यू आस्क हिम?"

"सरप्राइज विचारून करतात का रे?"

अकरा वर्षांची अवनी म्हणाली, "आय लाइक द माउंटन." तेवढ्यावर गुणवंतनं समाधान मानलं.

शुक्रवारी ऑफिस अर्धा दिवस असतं. संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना वाईहून नर्मदाआत्यांचा व्हिडिओ कॉल आला. नर्मदाआत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण. त्या फोन कानाला लावून बोलत, त्यामुळे पडद्यावर कायम त्यांचा कान दिसे.

"बाळ्या," कान म्हणाला, "सुचित्रा सांगत होती, परवा तुझा वाढदिवस करतायत म्हणे. परवा कसला रे तुझा वाढदिवस?"

"सरकारी गं, आक्का," तात्या म्हणाले.

"मग ठीक. मला वाटलं, या पोरांना कुणी काही सांगितलंच नाही. तू मार्गशीर्षातला. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी झालास. त्याच्या आठवडाभर आधी सरदार पटेल गेले होते. बाबा म्हणाले, देशावर दुखवटा आहे, पेढे वाटायचे नाहीत. मी पेढ्यांसाठी भोकाड पसरलं होतं, तुझ्यासाठी नाही. म्हणून चांगलं ध्यानात आहे."

गुणवंतच्या हातातला घास हातातच राहिला.

"तात्या, म्हणजे एक जून ही तुमची... तारीख नाही?"

"मास्तरांनी लावलेली," तात्या आमटीत भात कालवत म्हणाले. "शाळेत नाव घालायला सहा पूर्ण लागायची. मी साडेपाचचा. पण आई म्हणाली, याला आणखी वर्षभर घरी ठेवला तर घर ठेवणार नाही. शाळा जूनला सुरू होते, म्हणून मास्तरांनी लिहिलं एक जून पन्नास. झालो सहा पूर्ण."

हा प्रकार महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नसतो? गुणवंतलाही ठाऊक होता. दर एक जूनला जबल अलीत कंपनीचं सॉफ्टवेअर रत्नागिरी-साताऱ्याकडच्या निम्म्या लोडरांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवी आणि गुणवंत त्यावर हसत असे. पण ते लोडर होते. हे सासरे होते, मुख्याध्यापक होते आणि त्यांच्या तारखेवर त्यानं अन्नपूर्णा बांधलं होतं.

"आजोबा," अवनीचे डोळे विस्फारले, "दॅट्स फ्रॉड!"

"फ्रॉड नव्हे, बाळ. प्रशासन," तात्या म्हणाले. "मी स्वतः मुख्याध्यापक झाल्यावर किती पोरं एक जूनला जन्माला घातली, त्याला गणती नाही."

गुणवंतनं पाणी प्यायलं. मग अगदी सहज सुचल्यासारखं विचारलं, "समजा तात्या, कुणी तुमच्या जन्माच्या महिन्यात जगात काय काय घडलं असा काही... अभ्यास केला. तर जून धरला तरी चालेल ना? सरकारी आहे म्हणून?"

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. गेल्या पंधरवड्यात पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"पगार, पेन्शन, पासपोर्ट यांना जून चालेल. इतिहासाला कसा चालेल? जूनमध्ये मी नव्हतो. इतिहासाच्या पेपरात महिना चुकला की मी शून्य देत असे. अर्धा मार्कसुद्धा नाही." आणि भाताचा घास घेऊन ते म्हणाले, "राहुलरावांना हे पक्कं ठाऊक आहे. ते मला दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी फोन करतात."

जेवण झाल्यावर गुणवंतनं सुचित्राला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुला माहीत होतं?"

"घरात सगळ्यांना माहीत आहे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का? तू म्हणालास अमृतमहोत्सव, मी मेनू ठरवला. मला वाटलं, व्हिसा संपायच्या आत करायचं म्हणून पासपोर्टप्रमाणे करतोयस. त्यात एवढं काय? केक कापायचा, जेवायचं."

गुणवंतनं आतल्या खोलीत जाऊन पलंगाखालून फ्लेक्सची गुंडाळी काढून आणली आणि तिच्यासमोर उलगडली. सहा फुटांच्या फ्लेक्सवर तात्या अन्नपूर्णा शिखराच्या बाजूला उभे होते आणि वर लिहिलं होतं, 'जून १९५०: एका युगाचा जन्म.'

सुचित्रानं ते वाचलं. मग नळ बंद केला आणि पुन्हा वाचलं.

"अरे देवा," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी गुणवंत फ्लेक्सवाल्याकडे गेला. दुकानात अर्श नावाचा मुलगा होता. त्यानं सांगितलं की मशीनचा पार्ट गेलाय, सोमवारी येईल, इन्शाल्ला.

"मुझे सिर्फ महीना बदलना है."

"सर, महीना बदलो या आदमी बदलो, मशीन तो वही है. मंडे."

"संडे को प्रोग्राम है!"

"तो संडे को जून चलाओ ना, सर. जून ही तो है अभी."

गुणवंत एक स्टिकर घेऊन घरी आला, लॅपटॉप उघडला आणि डिसेंबर १९५० शोधायला बसला.

जूनमध्ये जग शिखरं चढत होतं. डिसेंबरात ते उतरत होतं. महिन्याच्या सुरुवातीलाच पाँडिचेरीत अरविंद गेले. पंधरा तारखेला सरदार गेले. सोळाला अमेरिकेच्या अध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केली. कोरियात तोपर्यंत जिंकत आलेलं सैन्य पायाला पाय लावून मागं पळत होतं. नाताळच्या पहाटे स्कॉटलंडच्या चार विद्यार्थ्यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत घुसून राज्याभिषेकाचा दगड चोरला. चोरताना त्याचे दोन तुकडे झाले. महिनाभरात जगानं हातात घेतलेली आणि तडीला नेलेली ही एवढी एकच गोष्ट, आणि तीही फुटली.

"वाढदिवसाला दोन श्रद्धांजल्या, एक आणीबाणी आणि एक चोरी," सुचित्रा त्याच्या खांद्यावरून वाचत म्हणाली. "छान. समोशांऐवजी पिठलं-भात ठेवायला सांगू का?"

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही करत. आणि डिसेंबर धरलास तर तात्या पंच्याहत्तरचे होत नाहीत, साडेचौऱ्याहत्तरचे होतात. पत्रिकेवर अमृतमहोत्सव लिहिलंय."

"ते सरकारी."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं ऐतिहासिक."

वेदांगनं हेडफोन न काढता सुचवलं, "जस्ट से नाइन्टीन फिफ्टी अँड मूव्ह ऑन, बाबा." पण गुणवंत मूव्ह ऑन होणाऱ्यांतला नव्हता. मूव्ह ऑन झाला असता तर एकोणीस वर्षांपूर्वीच झाला असता.

आणि मग, दुपारी सुचित्रा तात्यांना घेऊन मीना बाजारकडे गेलेली असताना, त्याला जहाज सापडलं.

उत्तर कोरियातलं हंगनाम बंदर. हाडं गोठवणारी थंडी. माघार घेणारं सैन्य जहाजांत चढतंय आणि धक्क्यावर लाखभर माणसं उभी आहेत, मागून चिनी फौजा येतायत. एक अमेरिकन मालवाहू जहाज. प्रवाशांची सोय बारा जणांची. कप्तानानं आतला माल उतरवला आणि माणसं भरायला सुरुवात केली. लाकडी फळ्यांवरून, क्रेननं, मालाच्या तळघरात थरावर थर. चौदा हजार माणसं. ना अन्न, ना उजेड, ना शौचालय. तेवीस डिसेंबरला जहाज निघालं. नाताळला दक्षिणेत पोचलं तेव्हा एकही माणूस दगावला नव्हता. उलट वाटेत पाच बाळं जन्मली होती.

गुणवंतनं हे वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्याचं आयुष्य मालाचे थर लावण्यात गेलं होतं. एका कंटेनरमध्ये ठरल्यापेक्षा चार पॅलेट जास्त बसवले तर दुबईच्या उकाड्यात काय होतं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. बाराच्या जागेत चौदा हजार म्हणजे काय, हे त्या मंडळात त्याच्याइतकं कुणालाच कळलं नसतं. आणि तारीख! दत्तजयंतीचा आदला दिवस त्यानं दोन पंचांगांत ताडून पाहिला. त्याच एक-दोन दिवसांत जहाजावर पाच बाळं आणि साताऱ्याकडे सहावं. इथं ओढूनताणून काही चिकटवायची गरज नव्हती. इतिहास आपणहून सासऱ्यांच्या दारात येऊन उभा राहिला होता.

त्यानं जून पुसला. दगड ठेवला, सरदारांना आदरानं एक स्लाइड दिली आणि बाकी सगळं जहाजाला दिलं. कोरियाचं युद्ध दोन्ही महिन्यांत चालू असल्यामुळे ती स्लाइड तशीच राहिली. ते युद्ध सहा महिने लांबल्याबद्दल इतका दिलासा बहुधा आजवर कुणाला वाटला नसेल. संध्याकाळी उपेंद्रला नवी फाइल पाठवली.

उपेंद्र मंडळाचा सांस्कृतिक कार्यवाह. माइक हातात आला की त्याला स्वतःचा आवाज थांबवता येत नसे, म्हणून सूत्रसंचालन त्याच्याकडे होतं, आणि लॅपटॉपही. आदल्या आठवड्यात गुणवंतनं त्याला 'फायनल' पाठवली होती, नंतर 'फायनल फायनल', नंतर 'फायनल फायनल करेक्टेड'. या वेळी त्यानं नाव दिलं, 'फायनल डिसेंबर'. शिवाय मेसेज टाकला: 'फक्त हीच. बाकी डिलीट.' उपेंद्रनं अंगठा पाठवला.

रविवारी संध्याकाळी हॉल भरला. ज्यांना मुलांनी उन्हाळ्यात गावाहून आणून ठेवलं होतं ते आईवडील पहिल्या दोन रांगांत बसले होते: गुडघ्यांवर हात, अंगावर शाली, कारण हॉलमध्ये डिसेंबरसारखंच गार होतं. तात्या मधल्या खुर्चीत. फ्लेक्सवर 'जून' या शब्दाच्या जागी पांढरा स्टिकर होता आणि त्यावर अवनीनं स्केचपेननं 'डिसेंबर' लिहिलं होतं. अन्नपूर्णा तसंच होतं.

औक्षण झालं. गुणवंत माइक घेऊन उभा राहिला. घसा साफ केला.

"माणूस जन्माला येतो तेव्हा एकटा येत नाही," तो म्हणाला. "त्याच्याबरोबर एक अख्खा कालखंड जन्माला येतो. डिसेंबर १९५०..."

मागच्या पडद्यावर ब्राझीलचे खेळाडू फुटबॉलमागं धावत होते.

"उपेंद्र," गुणवंत माइक बाजूला करून म्हणाला, "ही नाही रे."

"ही फायनल फायनल आहे."

"फायनल डिसेंबर हवी!"

"डिसेंबर? आज तर जून आहे यार. मला वाटलं डिसेंबरच्या कार्यक्रमाची पाठवलीस." उपेंद्रनं फोन काढला. "डाउनलोड करतो. टू मिनिट्स." फाइल मोठी होती. हॉटेलच्या वायफायला रूम नंबर हवा होता. हॉलला रूम नंबर नव्हता. रिसेप्शनवरची मुलगी "यस सर, चेकिंग सर," म्हणून गेली ती गेलीच.

गुणवंत पडद्यावरच्या गोलकीपरसमोर उभा होता. गोलकीपरनं चेंडूकडे झेप घेतली होती आणि पडद्यावर तो तसाच हवेत राहिला.

सूत्रसंचालकाला शांतता सोसत नाही. उपेंद्रनं दुसरा माइक उचलला. "तर मंडळी, डाउनलोड होईतो एक छोटी गंमत. आज एक जून, आपल्या तात्यांचा वाढदिवस. आणखी कुणाचा वाढदिवस आहे का आज? हात वर!"

पहिल्या रांगेतले एक काका हसले आणि त्यांनी हात वर केला. त्यांच्या शेजारच्यांनी केला. मग मागच्या रांगेत एका आजींनी केला, पदर सावरून. मग दोन्ही रांगांत हात दिसायला लागले. मधल्या खुर्चीतल्या तात्यांनी मान वळवून ते पाहिलं, आणि गुणवंतनं एकोणीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं असं काहीतरी पाहिलं: तात्या खळखळून हसले. पोट हलेपर्यंत.

"कोण मास्तर तुमचे?" त्यांनी शेजारच्याला विचारलं.

"आमचे कुलकर्णी मास्तर. त्यांनी आमच्या घरातली चारही भावंडं एक जूनची केली. आईला लोक विचारायचे, दर वर्षी त्याच दिवशी कसं हो जमतं?"

"माझी खरी नागपंचमीची," आजी म्हणाल्या.

"मी पोळ्याचा. बैलाबरोबर माझीही पूजा व्हायची."

"मला तर दोन वर्षं मोठा केला हो, कबड्डीच्या टीममध्ये घ्यायला. रिटायर दोन वर्षं आधी केलं, आणि कबड्डीत घेतलंच नाही!"

खुर्च्या वळल्या. रांगा मोडल्या. ज्यांना उठवून बसवायला दोन माणसं लागत ते आपापल्या पायांनी तात्यांभोवती गोळा झाले. आणि तात्या, ज्यांनी स्वतः शेकड्यांनी असे वाढदिवस नेमून दिले होते, त्यांच्यामध्ये बसून एकेकाची तिथी विचारून घेऊ लागले.

गुणवंतनं ठरवलं की फाइल नाही तर नाही. जहाज तोंडी सांगायचं.

"तर मित्रहो," तो माइकमध्ये म्हणाला, "कोरियात हंगनाम नावाचं एक बंदर आहे. तिथं एक जहाज होतं. बारा माणसांचं."

"बारा कुठं, जास्त आहोत!" कुणीतरी ओरडलं. "या सगळ्यांनी केक कापायचा! चला, सगळे जूनवाले स्टेजवर!"

"चौदा हजार माणसं," गुणवंत म्हणाला. "आणि प्रवासात पाच..."

"पाच सुऱ्या आणा!" उपेंद्र म्हणाला.

सुऱ्या आल्या. जूनवाले स्टेजवर चढले. गुणवंतला कुणीतरी नम्रपणे, हाताला धरून, खाली उतरवलं. तिथून तो सांगत राहिला: थंडी, क्रेन, तळघरातला अंधार, एकही माणूस न दगावणं. माइक चालू होता. आवाज सगळ्या हॉलमध्ये जात होता. सुचित्रा केकच्या प्लेटा वाटता वाटता त्याच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अरे, माइक दे ना, हॅपी बर्थडे म्हणायचंय."

त्यानं माइक दिला.

त्याच वेळी डाउनलोड पूर्ण झालं. सगळे जूनवाले गळ्यात गळे घालून फोटोसाठी उभे राहिले आणि त्यांच्या मागं, पडद्यावर, हंगनाम बंदर आलं: राखाडी समुद्र, मालवाहू जहाज आणि डेकवर खांद्याला खांदा लावून उभी असलेली हजारो माणसं. तो फोटो लगेच मंडळाच्या ग्रुपवर पडला. खाली कुणीतरी लिहिलं, 'क्रूझची थीम मस्त!' त्यावर हृदयं आली.

परतताना गाडीत तात्या पुढं बसले होते. त्यांचा चेहरा अजून उजळलेला होता. एसीचा आवाज येत होता. मागच्या सीटवर मुलं फोनमध्ये होती आणि सुचित्रा उरलेला केक मांडीवर धरून बसली होती.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तात्या म्हणाले, "आजचा कार्यक्रम फार छान झाला."

गुणवंतचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. मागून सुचित्रानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि किंचित दाबला.

"फारच छान," तात्या पुढं म्हणाले. "माझ्या सगळ्या नोकरीत असा सत्कार कुणाला सुचला नाही. कल्पकता लागते त्याला. हात वर करायला सांगायचं! साधी गोष्ट, पण सुचली पाहिजे." त्यांनी झब्ब्याच्या खिशातून फोन काढला. "उपेंद्ररावांचा नंबर द्या बरं मला. घरी गेल्यावर निवांत फोन करून सांगीन त्यांना."

"तात्या, ते सगळं गुणवंतनंच..." सुचित्रा म्हणाली.

"हो ना, ह्यांनी हॉल बघितला," तात्या म्हणाले. "हॉल ठीक होता."

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न दिला. गुणवंतनं गाडी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आणून लावली, तात्यांच्या हातातून फोन घेतला आणि उपेंद्रचा नंबर घालायला नावांची यादी उघडली. तात्या प्रत्येकाचं नाव नीट, आदरानं घालत: 'राहुलराव पुणे', 'डॉ. स्टेंटवाले', 'सौ. नर्मदाआक्का'. त्यानं 'उपेंद्रराव दुबई' असं टाइप करून सेव्ह केलं.

त्याचा स्वतःचा नंबर 'सुचित्रा २' या नावानं होता.